सॅव्हेज मार्क टू ही छोट्या .22 काडतुसाची बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने ओढायचा) रायफल नवशिक्याने घ्यावी का?

मी टेक्सासमध्ये राहतो, चार वर्षं झाली वापरतोय, बिनधास्त घ्या. प्लॅस्टिकचा दस्ता हातात जरा हलका वाटतो, पण ट्रिगर खरंच मस्त आहे, बोटाला आधी मधली पातळ पट्टी लागते ती दाबली की मग जरासा जोर आणि बार निघतो, आणि किती जोर लागावा ते घरीच सेट करता येतं. 50 यार्डांवर माझी गोळी छान बसते पण काडतूस बदललं की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बदलतो, म्हणून आधी चारपाच प्रकारची थोडीथोडी आणून बघा. स्वस्तातलं एखादं काडतूस उडतच नाही, तेव्हा प्लीज लगेच बोल्ट उघडू नका, ते उशिरा उडू शकतं, नळी टार्गेटकडेच धरून निदान 30 सेकंद थांबा.