टाइप-सी टॅबलेट टीव्हीला आणि पेन ड्राइव्हला जोडायचा आहे, कोणता अडॅप्टर घेऊ?

अडॅप्टरचं नंतर पाहू. टॅबलेट कोणता ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि घोडं नेमकं तिथंच अडतं. माझं अडलं होतं, तेही भर कार्यक्रमात.

सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. मे महिना, नागपुरातला मानेवाडा रोडवरचा हॉल, कूलर नुसते घरघरत होते. एम्प्रेस मिलच्या दिवसांपासूनचे सव्वाशे फोटो बायकोनं महिनाभर खपून जमवले होते. ते दाखवायचे होते टॅबलेटवरून. हा टॅबलेट आमच्या साडूंनी पुण्याहून सासऱ्यांना भेट आणलेला. "टाइप-सी आहे, कशालाही लागतो," हे त्यांचं वाक्य. मी साक्षीदार आहे.

अडॅप्टर आणायचं काम माझ्याकडे. बर्डीच्या बाजारातून साडेआठशेचा आणला: टीव्हीसाठी एचडीएमआय, पेन ड्राइव्हसाठी यूएसबी आणि चार्जिंगचं एक भोक. घरी पेन ड्राइव्ह लावला, उघडला. चार्जर लावला, चार्जिंग सुरू. टीव्हीला लावून पाहिलं नाही, ही चूक माझी, मान्य. पण बाकीची तयारी बघा. हॉलचा प्रोजेक्टर जुना, फक्त व्हीजीए. एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अॅनालॉग, नुसती वायर चालत नाही, मधे चिपवाला कन्व्हर्टर लागतो. तो घेतला. व्हीजीएतून आवाज जात नाही म्हणून स्पीकरसाठी वेगळी वायर घेतली. एवढं करणारा माणूस निष्काळजी असतो का?

ऐंशी पाहुणे बसलेले आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. मी पिना काढतोय, पुसतोय, फुंकर मारतोय. तेवढ्यात साडूंनी माइक घेतला. "जावईबापूंनी स्वस्तातला आणलेला दिसतो!" हॉल हसला. सासरेही हसले. भाच्यानं घरून लॅपटॉप आणेपर्यंत पंगत बसली होती, आणि ते सव्वाशे फोटो शेवटी पंधरा माणसांनी पाहिले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. साडूंशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेलो. पोरानं तोच अडॅप्टर त्याच्या लॅपटॉपला लावला, समोरच्या टीव्हीवर चित्र आलं. म्हणाला, "काका, अडॅप्टरले काय झालं? तुमच्या टॅबमधून व्हिडिओ निघतच नाही जी."

तर मुद्दा हा. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्या भोकातून काय काय बाहेर पडतं हे आतल्या जोडणीवर ठरतं. चार्जिंग सगळ्यांत असतं, पेन ड्राइव्ह बहुतेकांत चालतो, पण चित्रासाठी टॅबलेटमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लागतो आणि स्वस्त टॅबलेटमध्ये कंपन्या बहुधा तो देत नाहीत. साधा अडॅप्टर आलेलं चित्र पुढे देतो, नसलेलं कुठून आणणार? टाइप-सीवाल्या आयपॅडमधून चित्र बाहेर येतं, २०२२ च्या दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडमधूनसुद्धा. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतल्या महागड्यांतून येतं, पण त्याच नावाच्या एस ६ लाइटमधून येत नाही. म्हणून नावावर जाऊ नका. कंपनीच्या साइटवर आपलंच मॉडेल काढा आणि 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हे शब्द शोधा. खोक्यावर नुसतं 'यूएसबी २.०', म्हणजे जुना हळू वेग, लिहिलं म्हणून चित्र येणार नाही असा निकाल लावू नका. त्या दहाव्या पिढीच्या आयपॅडचा डेटाही त्याच वेगाचा आहे, तरी चित्र देतो.

हे सगळं मी साडूंना दिवाळीत कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "असेल." बास, एवढंच. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? भेट देणाऱ्यानं काय देतोय ते पाहायला नको? तो अडॅप्टर अजून ठणठणीत आहे. मागच्या खेपेला साडूंनीच त्यांच्या लॅपटॉपला लावून टीव्हीवर मॅच पाहिली. कोणाचा आहे हे विचारलं नाही.

पेन ड्राइव्हचं राहिलंच. त्याला साधा ओटीजी, म्हणजे टाइप-सीत यूएसबी लावायचा छोटा अडॅप्टर, पुरतो, शेदोनशेचा. आयपॅडलाही चालतो, २०१९ पासून फाइल्स अॅपमध्ये दिसतो. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर मात्र टॅबलेटची वीज कधीकधी कमी पडते, तेव्हा चार्जर लावता येईल असाच हब, म्हणजे अनेक भोकांचा अडॅप्टर, घ्या. कार्यक्रम मोठा असेल तरी असाच घ्या, बॅटरी ऐन वेळी दगा देते. आणि घरून तालीम करून निघा, खरोखरच्या टीव्हीवर.

टीव्ही स्मार्ट असेल तर वायफायवरून कास्ट करून बघा, कदाचित काही घ्यावंच लागणार नाही. हॉलच्या नेटवर मी तरी हा जुगार खेळणार नाही.

आणखी एक. डिस्प्लेलिंकची चिप असलेले अडॅप्टर मिळतात. त्यांचं अॅप टाकलं की ऑल्ट मोड नसलेल्या अँड्रॉइड टॅबलेटमधूनही चित्र जातं. साध्यापेक्षा बरेच महाग, ओटीटीवरचे सिनेमे दाखवत नाहीत, पण फोटोंना पुरतात. म्हणजे त्या दिवशी अडॅप्टर दुसरा असता तर जमलं असतं. हे मला गेल्या वर्षी कळलं. घरी अजून बोललो नाही.