कोविडमध्ये मी घरी होते

‘ताई, वय ३८. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून सात वर्षं सोलापुरातच कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात काढली. २०१९ च्या दिवाळीनंतर सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, मुलगी लहान होती, म्हणून राजीनामा दिला. सासरे गेल्या वर्षी वारले. आता परत कामाला लागायचंय. हैदराबादची मैत्रीण म्हणते, एजन्सीकडून तीन-तीन महिन्यांच्या असाइनमेंट मिळतात, इमर्जन्सीला पैसे चांगले, संपली की दुसरं शहर. तेलुगू मला घरचंच. नवरा म्हणतो, घरात काय कमी आहे? मला मात्र भीती वेगळीच : सलाइनची सुई लावायला व्हेन (शीर) तरी मिळेल का? कोविडमध्ये बरोबरीच्या सगळ्याजणी लढल्या, मी घरी होते. आता मागे राहायचं नाही. जाऊ का?’

— एक सिस्टर, सोलापूर

बाई गं, तू विचारलंस हैदराबादचं, पण पत्रभर कोविडच आहे. म्हणून आधी तेच बोलते.

मी तेव्हा वॉर्डात होते. कोण आलं, कोण आलं नाही, याची नोंद आमच्यापैकी कुणीही मनात ठेवलेली नाही. किट घातल्यावर सहा-सहा तास पाणी प्यायची सोय नव्हती, दुसऱ्याचा हिशेब कोण ठेवणार? आणि तू काय करत होतीस? दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातल्या राइल्स ट्यूबमधून भरवणं, लघवीचं कॅथेटर, पाठ लाल झाली का बघणं. हेच काम तू वॉर्डात केलं असतंस तर त्याचा पगार मिळाला असता आणि आठवड्याला एक सुट्टी. पाच वर्षं सलग नाईट केलेल्या बाईनं ‘मी घरी होते’ असं खाली मान घालून लिहावं, याचा मला रागच आला. तुझ्यावर नाही, ज्यांनी तुला तसं वाटू दिलं त्यांच्यावर.

मला वाटतं, कसलं तरी देणं फेडायचं म्हणून तू मुद्दाम सगळ्यांत अवघड काम निवडते आहेस. कॅज्युअल्टी, तीही परक्या गावात, तीही तीन महिन्यांच्या कंत्राटावर. अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळली आहे. तिथं कंत्राट साधारण १३ आठवड्यांचं असतं आणि बहुतेक ठिकाणी त्याच विभागातला वर्ष-दोन वर्षांचा ताजा अनुभव मागतात. अशा नर्सला शिकवायला कुणाला वेळ नसतो. एक-दोन ड्युट्या दाखवायच्या, की तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे बेड. क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या) कुठल्या कप्प्यात काय आहे, रात्री फोन कुणाला करायचा, कुठला डॉक्टर तोंडी ऑर्डर देऊन नंतर विसरतो, हे सगळं नवीन. त्यात हातही बसलेला नसेल तर? दोन्ही एका नाईटला अंगावर घेऊ नकोस.

म्हणून माझं उत्तर : जा, पण यंदा नको. आधी वर्षभर सोलापुरातच कॅज्युअल्टी कर. आपल्याकडे शिकायला काय कमी आहे? गाळप हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेले दुचाकीवाले, शेतातून आणलेली सर्पदंशाची माणसं, फवारणीचं औषध प्यायलेली पोरं, मे महिन्यातला उष्माघात. अशोक चौकाकडची एखादी आजी घाबरली की थेट तेलुगूत बोलायला लागते, तेव्हा तुझी किंमत सगळ्यांना कळेल.

आता व्हेनचं. मी दुसऱ्या बाळंतपणानंतर चौदा महिन्यांनी परत आले, तेव्हा पहिलाच पेशंट जुलाबानं सुकलेला म्हातारा. सुईचे दोन प्रिक वाया गेले, आणि वॉर्डबॉय ज्या नजरेनं बघत होता ती मला अजून आठवते. तिसऱ्याला दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. आठवड्याभरात हात आला. तुझाही येईल. मला काळजी वाटते ती डोळ्यांची. ओरडणारा पेशंट कुणालाही दिसतो. घामानं ओला झालेला, ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणत बाकावर गप्प बसलेला माणूस आधी ईसीजीला घ्यायचा, हे ज्या नजरेला कळतं ती नजर रोजच्या ड्युटीनंच तयार होते. सहा वर्षांत औषध सोडायचे नवे पंप आले असतील, हार्ट अटॅकच्या पेशंटला गुठळी विरघळवायला स्ट्रेप्टोकायनेजच्या जागी टेनेक्टेप्लेज देताना दिसेल, तेही शिकावं लागेल. हृदय बंद पडल्यावर छातीवर द्यायचा दाब मात्र तोच आहे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल.

कागदांचं थोडक्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. तुझं चुकलं असण्याची शक्यता दाट आहे, आधी ते बघ. बीएलएस आणि एसीएलएस या जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणांची कार्डं २ वर्षंच चालतात, नवीन काढ. हैदराबादला तेलंगणाच्या कौन्सिलची वेगळी नोंदणी लागेल. म्हणून वर्षानंतरची पहिली असाइनमेंट पुण्याची घे. नोंदणी हीच चालते, आणि मुलीला ताप आला तर हुतात्मा एक्सप्रेसनं त्याच दिवशी घरी.

एजन्सीला विचार : एका नर्सकडे किती पेशंट, महिन्याला किती नाईट, मध्येच कंत्राट तोडलं तर काय. आणि मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या हातात देऊ नकोस. एका ठिकाणी माझी अकरा महिने अडकवून ठेवली होती. झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि पिशवीत परत ठेव.

नवऱ्याच्या प्रश्नाला मोठं उत्तर द्यायची गरज नाही. घरात काही कमी नाही, असंच सांग. मग विचार, नाईट असेल तेव्हा मुलीचा डबा कोण भरणार. त्यावर तो काय म्हणतो ते मलाही ऐकायचंय. सासूबाईंचं तू काहीच लिहिलं नाहीस. त्या असतील तर त्यांना विचार. पाच वर्षं तुझं काम सगळ्यांत जवळून त्यांनीच पाहिलंय.

पहिली नाईट झाली की लिही. व्हेन मिळाली की नाही, एवढंच लिहिलंस तरी चालेल.