साधं ऑर्गॅनिक दही आंबट आणि पातळ लागतं, ते बिघडलेलं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच साधं, म्हणजे साखर-फळं काहीही न घातलेलं ऑर्गॅनिक दही आणलं. ते नेहमीच्या दह्यापेक्षा आंबट लागलं, चमचा घातल्यावर खड्ड्यात पाणी जमलं आणि वर पिवळसर थर होता. हे असंच असतं की डबा खराब निघाला?

खराब नाही. तिन्ही गोष्टी चांगल्या दह्यात होतात. मात्र त्यांचं श्रेय किंवा खापर ‘ऑर्गॅनिक’ या शब्दावर टाकू नका. तो शिक्का जनावराचा चारा, त्याची औषधं आणि प्रक्रियेत काय वापरायचं नाही याबद्दल बोलतो. दही घट्ट की सैल, गोडसर की आंबटढाण, हे ठरतं दुधातल्या प्रथिनावर, दूध किती तापवलं त्यावर, विरजणावर आणि ते किती वेळ किती उबेत ठेवलं यावर. दोन ऑर्गॅनिक दह्यांमधला फरक कित्येकदा ऑर्गॅनिक आणि बिगर-ऑर्गॅनिक यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो.

आधी आंबटपणा. गायीच्या दुधात साधारण ४.७ ते ५ टक्के दुग्धशर्करा असते. विरजणातले जिवाणू तिचा पाव ते एक तृतीयांश भाग खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो, तो उतरत ४.६ च्या खाली येतो. वाटेत ५.३ च्या सुमारास केसिन हे प्रथिन एकमेकांना धरू लागतं आणि दूध विरजतं. म्हणजे आंबटपणा हा दह्यातला दोष नाही, त्याच्यामुळेच दही लागतं. फळांचं किंवा गोड दही खायची सवय असेल तर तोच आंबटपणा साखरेखाली दबलेला असतो आणि साधं दही एकदम जिभेला लागतं.

डब्यावर १०० ग्रॅममागे ३ ते ५ ग्रॅम साखर लिहिलेली दिसली तर दचकू नका, ती दुधातली उरलेली साखर आहे. आकडा ९-१० च्या पुढे गेला की घटकांच्या यादीत साखर, मध किंवा फळांचा रस शोधा, सापडेलच.

दही फ्रिजमध्येही आंबत राहतं, फक्त फार हळू. म्हणून एकाच कंपनीचा ताजा डबा आणि संपायच्या तारखेला टेकलेला डबा यांच्या चवीत चांगलाच फरक पडतो. आंबट आवडत नसेल तर ब्रँड बदलण्याआधी तारीख बघून ताजा डबा घ्या. आणि खाण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा. फार गार दह्यात आंबटपणाच तेवढा कळतो. साईची गोडी आणि वास दबून जातो. तो वास मुख्यतः ॲसिटाल्डिहाइडचा, कच्च्या हिरव्या सफरचंदाच्या जवळ जाणारा. काही विरजणांत डायअ‍ॅसिटाइल जास्त बनतं, मग लोण्यासारखा वास येतो.

आता पोत, आणि इथे मी जरा थांबेन, कारण बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

दही म्हणजे केसिनची जाळी आणि तिच्या पोकळ्यांत अडकलेलं पाणी. जाळी दाट तर दही कवडीसारखं कापलं जातं, विरळ तर फुळकट. ती दाट होण्यासाठी दूध नुसतं उकळी फुटेपर्यंत तापवून भागत नाही. ८५ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ९०-९५ अंशांना ५ ते १० मिनिटं ठेवलं की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं एरवी पाण्यात विरघळून राहणारं प्रथिन उलगडतं आणि केसिनला चिकटतं. मग जाळी पाणी घट्ट धरून ठेवते. ही पायरी घाईत उरकलेलं दही चमचा लावताच पाणी सोडतं, दूध कितीही उत्तम असो.

कारखान्यात ही कमतरता दुसऱ्या वाटांनी भरून काढता येते: दूध पावडर, दुधाचं प्रथिन, स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ऑर्गॅनिक म्हणजे घट्ट करणारा पदार्थ नाहीच, असं नाही. पेक्टिनसारखे काही पदार्थ ऑर्गॅनिक नियमांत चालतात. म्हणून शिक्क्यापेक्षा घटकांची यादी महत्त्वाची. साध्या दह्यात दूध आणि विरजण एवढंच पुरतं. दूध पावडर असली तर हरकत नाही. जिलेटिनचं दही चमच्यावर जेलीसारखं थरथरतं, स्टार्चचं तोंडात खळीसारखं पसरतं. निव्वळ दुधाचं दही तुटतं तेव्हा काठ स्वच्छ राहतो आणि थोड्या वेळाने तिथे पाणी झिरपतं. तुमच्या डब्यात दिसलं ते हेच.

ते हिरवट-पिवळं पाणी ओतून देऊ नका. तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा आहे, शिवाय त्यात क्षार असतात. दही चमच्याने हळूच खालीवर करा, पाणी मिसळून जाईल. घट्टच हवं असेल तर स्वच्छ मलमलीत बांधून फ्रिजमध्ये दोन-तीन तास टांगा. पाणी निघेल तसं प्रथिनाचं प्रमाण वाढेल आणि थोडा आम्लाचा भागही पाण्याबरोबर जाईल. रात्रभर टांगलं तर चक्का होतो, ते मग वेगळंच प्रकरण.

वरचा पिवळसर थर म्हणजे साय. होमोजिनायझेशनमध्ये दूध मोठ्या दाबाने अरुंद फटीतून ढकलतात, स्निग्धांशाचे थेंब बारीक होतात आणि वर तरंगत नाहीत. त्याने दही एकसारखं, पांढरंशुभ्र आणि जिभेवर दाट लागतं. हे न केलेल्या दुधाचं दही वर सायीचं आणि खाली हलकं, अशा दोन थरांचं निघतं. ही लहान ऑर्गॅनिक उत्पादकांमध्ये आढळणारी निवड आहे, पण ऑर्गॅनिकची अट नव्हे. मला दोन्ही पोत मान्य आहेत. फक्त साय ढवळायची की तशीच खायची हे आधी ठरवा, कारण एकदा ढवळलं की कवडी परत जमत नाही.

रंगात मात्र चाऱ्याचा खरा हात असतो. हिरव्या गवतातलं बीटा-कॅरोटिन गायीच्या दुधाच्या स्निग्धांशात उतरतं, म्हणून चरणाऱ्या गायींची साय पिवळसर. अमेरिकेच्या ऑर्गॅनिक नियमांत रवंथ करणाऱ्या जनावरांना वर्षातून किमान १२० दिवस चरायला सोडावं लागतं आणि त्या हंगामात खाद्याच्या शुष्क भागाचा (पाणी वगळून उरतो तो) सरासरी किमान ३० टक्के वाटा चराईतून यावा लागतो. त्यामुळे हंगामानुसार त्याच डब्याचा रंग आणि वास थोडा बदलला तर ती चूक समजू नका. म्हशीच्या दुधाला हा पिवळेपणा येत नाही, ती कॅरोटिनचं रूपांतर जीवनसत्त्व अ मध्ये करून टाकते. तिच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिन दोन्ही जास्त, म्हणून दही मुळातच घट्ट. शेळीच्या दुधाचं दही उलट मऊ, जवळजवळ पिण्याजोगं लागतं; त्यातलं केसिन वेगळ्या धाटणीचं असतं.

ऑर्गॅनिक दूध घेऊन घरीच विरजायचं असेल तर एक लिटरला हे प्रमाण धरा. दूध जाड बुडाच्या भांड्यात ८५-९० अंशांपर्यंत नेऊन मंद आचेवर २० ते ३० मिनिटं ढवळत ठेवा. मग ४३ अंशांपर्यंत निवू द्या. तापमापी नसेल तर बोट बुडवून दहापर्यंत मोजता यावं इतपत ऊब. एक मोठा चमचा, म्हणजे १५ ते २० ग्रॅम ताजं दही थोड्या दुधात गुठळी न राहील असं कालवून घाला. झाकून ४२-४३ अंशांच्या उबेत पाच ते सात तास अजिबात न हलवता ठेवा. भांडं तिरकं केल्यावर दही एकसंध कडेपासून सुटलं की लगेच फ्रिजमध्ये. तिथे रात्रभर राहिलं की जाळी आणखी आवळते. गरम असतानाच चाखून ‘पातळ झालं’ असा निकाल देऊ नका.

बिघडतं ते बहुधा पुढच्या कारणांनी. दूध ५० अंशांच्या वर असताना विरजण घातलं तर जिवाणू मरतात किंवा लुळे पडतात, मग सकाळी दूधच मिळतं. विरजण भरपूर घातलं तर दही लवकर घट्ट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल फार वेगाने वाढतं, जाळी आकसते, दही रवाळ होतं आणि पाणी सुटतं. जास्त वेळ ठेवल्यावरही तेच. ऊब कमी पडली तर दही लागायला वेळ लागतो आणि कधी तार सुटते. ही तार जिवाणूंनी सोडलेल्या लांब शर्करासाखळ्यांची असते. काही विरजणं मुद्दाम अशीच निवडतात, कारण त्या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि दही मऊसूत लागतं. पण तुमच्या नेहमीच्या विरजणाला अचानक तार यायला लागली आणि वासही बदलला, तर ते विरजण टाकून नवं घ्या.

अतितापवलेलं, महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूध ऑर्गॅनिक असलं तरी त्याचं दही सैलच लागतं आणि त्याला उकळलेल्या दुधाची चव राहते. विरजायला साधं पाश्चराइज्ड दूध घ्या. त्यावरही दही सैल लागत असेल तर लिटरमागे ३० ग्रॅम दूध पावडर तापवण्याआधी विरघळवा. ५० च्या पुढे गेलात तर पावडरीची चव कळायला लागते.

अदमुरं आवडत असेल तर चार-साडेचार तासांनंतर दर २० मिनिटांनी बघत राहा आणि नुकतं लागलं की फ्रिजमध्ये टाका. त्यात गोडी जास्त राहील, घट्टपणा थोडा कमी.

डबा खरंच टाकायचा केव्हा, तेही सांगून ठेवतो. झाकण फुगलंय आणि आत बुडबुडे आहेत, दारूसारखा किंवा यीस्टचा वास येतोय, पृष्ठभागावर हिरवी, काळी किंवा पांढरी लवदार बुरशी आहे, गुलाबी-नारिंगी डाग आहेत किंवा चव कडू-खवट आहे, तर वरचा भाग काढून उरलेलं खाऊ नका. पूर्ण डबा फेका. आणि चांगल्या डब्यातही उष्टा चमचा घालू नका. दही पाच दिवस टिकायचं ते दोन दिवसांत बिघडतं ते यामुळेच.