ताऱ्याच्या एक्स-रेमुळे जवळच्या ग्रहाचं वातावरण खरंच उडून जातं का?

हो, उडतं. पण एका झटक्यात नाही.

एक्स-रे आणि अतिनील किरण ग्रहाच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात. तिथला वायू हजारो अंशांपर्यंत तापतो, फुगतो आणि हलका हायड्रोजन गुरुत्वाकर्षण सोडून बाहेर वाहू लागतो. जाताना तो जड अणूंनाही सोबत ओढतो.

मला सगळ्यात आवडतं ते एचडी १८९७३३ बी या ग्रहाचं उदाहरण. गुरूएवढा ग्रह, ताऱ्याभोवतीची फेरी फक्त २.२ दिवसांची! २०१० मध्ये हबल दुर्बिणीला त्याच्यातून निसटणारा वायू दिसला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये मात्र स्पष्ट दिसला, आणि त्याच्या साधारण ८ तास आधी स्विफ्ट उपग्रहाने त्या ताऱ्यावर एक्स-रेचा भडका टिपला होता. दोन्हींचा संबंध असावा असं मानतात. नुसत्या एका जोडीवरून खात्री देणं मला घाईचं वाटतं.

गुरूसारखे अवजड ग्रह हे सहन करतात. नेपच्यूनहून लहान ग्रहांचं मात्र सगळं आवरण जाऊन उघडा खडक उरू शकतो. त्यातही तारा तरुण असतानाची पहिली काही कोटी वर्षं सर्वांत घातक, कारण तेव्हा तो एक्स-रे प्रचंड ओकतो.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. पाऊस सरला की ऑक्टोबरात गच्चीवरून, एवढ्या दिव्यांच्या झगमगाटातही, अभिजित, श्रवण आणि हंस या ताऱ्यांचा त्रिकोण दिसतो. एचडी १८९७३३ बी ज्याच्याभोवती फिरतो, तो तारा त्याच त्रिकोणात आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साधी द्विनेत्री घेऊन बसा.