कम्युनिटी कॉलेजातला व्होकेशनल नर्सिंग अभ्यासक्रम वाढवावा, तसाच ठेवावा की बंद करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या सल्लागार समितीवर आहात, पाच वर्षांचा आराखडा करायचाय आणि समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, अर्जांची रांग मोठी आहे, जागा दुप्पट करा. दुसरा म्हणतो, एलव्हीएनचे (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स, म्हणजे हा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेल्या नर्सचे) दिवस सरले, पैसा आरएनकडे (रजिस्टर्ड नर्स, वरच्या दर्जाचा परवाना) वळवा.

माझ्या मते दोघंही चुकीच्या टोकाकडून सुरुवात करताहेत. आधी क्लिनिकलच्या (रुग्णांजवळ प्रत्यक्ष शिकण्याच्या) जागा आणि शिकवणारी माणसं मोजा. बॅच केवढी असावी हे त्यातूनच ठरतं.

राज्याच्या व्होकेशनल नर्सिंग बोर्डाची अट १,५३० तासांची आहे: ५७६ तास थिअरी (त्यात औषधशास्त्राचे ५४) आणि ९५४ तास क्लिनिकल. कॉलेजच्या हिशेबात व्याख्यानाच्या १८ तासांना एक युनिट आणि प्रत्यक्ष कामाच्या ५४ तासांना एक. म्हणजे ३२ अधिक जवळपास १८, एकूण ५० युनिट. १८ आठवड्यांची तीन सत्रं धरली तर आठवड्याला २८ तासांहून थोडं जास्त होतं. तोच अभ्यासक्रम ४५ आठवड्यांत बसवला की ३४ तास होतात. नोकरी सांभाळून शिकणारी मुलं तिथेच गळायला लागतात, त्यामुळे ‘एका वर्षात नर्स’ ही जाहिरात करण्याआधी हा भागाकार समितीसमोर ठेवा.

आता खरी अडचण. नियमाप्रमाणे एका शिक्षकामागे क्लिनिकलला जास्तीत जास्त १५ विद्यार्थी चालतात. म्हणून ३० च्या बॅचला दोन शिक्षक पुरतील, असं कागदावर दिसतं. पण एका मजल्यावर १५ विद्यार्थी घ्यायला बहुतेक ठिकाणं तयार होत नाहीत, आठ-दहा म्हणतात. मग तीन गट पडतात आणि शिक्षकांचे तास १,९०८ वरून २,८६२ वर जातात. अंदाजपत्रक बिघडतं ते इथे. शिवाय तिसऱ्या सत्रापर्यंत तीसचे बावीस उरले, तरी ते तीन ठिकाणी विखुरलेले असतील तर शिक्षक तीनच लागतात. खर्च तेवढाच राहतो आणि विद्यार्थिसंख्येवर मिळणारा निधी मात्र घटतो.

मेडिकल-सर्जिकल आणि वृद्धसेवेच्या जागा त्या मानाने मिळतात. अडतं ते प्रसूती आणि बालरोग विभागात. लहान गावांतले प्रसूती विभाग बंद होत चाललेत आणि जे चालू आहेत तिथे आरएनच्या विद्यार्थ्यांना आधी जागा मिळते. हे दोन्ही विषय अभ्यासक्रमात सक्तीचे आहेत. म्हणून बॅचचा आकार ठरवताना तुमच्या सगळ्यात अरुंद विभागाची क्षमता धरा, सरासरी धरू नका. बालरोगासाठी दवाखाने, शाळांची आरोग्य केंद्रं, अपंग मुलांची डे-केअर केंद्रं शोधता येतात. सिम्युलेशनने (यंत्रपुतळ्यावरच्या सरावाने) मदत होते, पण किती तास धरले जातील हे बोर्डाकडून लेखी घेतल्याशिवाय वेळापत्रकात घालू नका. यंत्रपुतळा अनुदानातून येतो. तो चालवणारा तंत्रज्ञ आणि दरवर्षीचा देखभाल करार कॉलेजच्या खिशातून जातो.

प्रत्येक केंद्राशी बोलताना ‘हो, पाठवा मुलं’ एवढ्यावर थांबू नका. कोणतं सत्र, कोणते वार, कोणती पाळी, कोणता मजला, किती विद्यार्थी, हे तक्त्यात मांडून त्यांची सही घ्या. करार, लसीकरणाची कागदपत्रं, पार्श्वभूमी तपासणी यांत महिने जातात. बॅच मोठी करायची किंवा जास्त वेळा प्रवेश द्यायचे, तर बोर्डाची पूर्वपरवानगी लागते, आणि तेव्हा हाच तक्ता कामी येतो.

निकालाचं गणितही समितीला माहीत हवं. पहिल्यांदा एनक्लेक्स-पीएन (एलव्हीएनच्या परवान्याची परीक्षा) देणाऱ्यांचा तुमचा वार्षिक निकाल राज्याच्या सरासरीच्या १० टक्के-अंकांच्या आत असावा लागतो. सलग आठ तिमाह्या तो खाली राहिला, तर मान्यता तात्पुरत्या स्वरूपाची होऊ शकते. वर्षाला २० जण परीक्षेला बसत असतील तर प्रत्येक जण पाच टक्क्यांचा असतो. राज्याच्या सरासरीच्या मानाने दोन मुलं जास्त नापास झाली की सगळी सवलत संपते. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत रुग्णाच्या स्थितीवरून निर्णय घ्यायला लावणारे केस-स्टडी प्रश्न आलेत. जुन्या पाठांतरी चाचण्यांवर चालणारी कॉलेजं त्यात मार खातात. दुसरी गळती अगदी साधी आहे: शिक्षण संपल्यावर कॉलेजचे कागद बोर्डाकडे उशिरा जातात, परीक्षेची परवानगी लांबते आणि तोवर मुलांचा अभ्यास सुटतो. शेवटच्या सत्रातच अर्ज भरून घ्या आणि हे काम एका ठरावीक माणसाकडे सोपवा.

संचालकाच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. हे पद बोर्डाच्या पात्रता अटींत बसणाऱ्या आरएननेच भरावं लागतं. पदवी, अनुभव आणि प्रशासन, अध्यापन व अभ्यासक्रम-रचना यांचं शिक्षण तिच्याकडे हवं. एकच माणूस पात्र असलेला अभ्यासक्रम त्या माणसाच्या राजीनाम्याबरोबर अडकतो. पहिल्या वर्षीच दुसरं कुणीतरी तयार करायला घ्या आणि संचालकाचा शिकवण्याचा भार कमी करा. कायम पगार परकिन्स (केंद्राचं अनुदान) किंवा स्ट्राँग वर्कफोर्सच्या (राज्याचं अनुदान) पैशांवर उभे करू नका. तो पैसा उपकरणं, शिकवणी, सुरुवातीचा खर्च यांसाठी बरा.

राहिला प्रश्न ‘एलव्हीएनला काम आहे का?’ रुग्णालयांत कमी झालंय, हे खरं. तिथे नर्स-रुग्ण प्रमाणाच्या नियमात (२००४ पासून लागू) मोजल्या जाणाऱ्या नर्सपैकी जास्तीत जास्त निम्म्याच एलव्हीएन असू शकतात, आणि शिरेतून औषध देणं किंवा रुग्णाचं पहिलं मूल्यमापन करणं त्यांच्या अधिकारात नाही. पण वृद्ध आणि दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांची स्किल्ड नर्सिंग केंद्रं, घरपोच सेवा, दवाखाने, तुरुंग यांचं काम त्यांच्यावर चालतं. त्यामुळे मागणी विचारायची तर तिथल्या नर्सिंग संचालकांना विचारा. त्यांना बहुधा आयव्ही (शिरेतून सलाइन लावणं, औषध देणं नव्हे) आणि रक्त काढण्याचं प्रमाणपत्र असलेली नर्स हवी असते. तो ३६ तासांचा कोर्स शेवटी जोडून द्या.

बंद करायला माझा विरोध आहे. ४६ डॉलर युनिटप्रमाणे ५० युनिटांचे २,३०० डॉलर होतात; खासगी संस्थांत याच्या अनेक पटींनी फी पडते. हा दरवाजा बंद झाला की सीएनएचं (नर्सिंग सहायकाचं) काम करणारी बाई कर्जाकडे ढकलली जाते. त्यापेक्षा आरएनच्या दुसऱ्या वर्षात तुमच्याच एलव्हीएनसाठी ठरावीक जागा राखा आणि मधले विज्ञान विषय संध्याकाळी ठेवा. राज्यात ‘३० युनिट’चा वेगळा मार्गही आहे, त्याने कॅलिफोर्नियाचा आरएन परवाना मिळतो, पण पदवी मिळत नाही आणि इतर राज्यं तो परवाना नाकारू शकतात. ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रवेशाआधी लेखी द्या.

अर्जांच्या रांगेबद्दल एक सांगायचंय. तीत भारतातून जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून आलेल्या, अवलंबित व्हिसावर असलेल्या बायका असतात. आपल्या मराठी मंडळींतही आहेत. तीन वर्षांचं शिक्षण झालेलं असताना त्यांना हा अभ्यासक्रम मुळापासून करायला लावण्याआधी आरएन बोर्डाकडून शिक्षणाचं मूल्यमापन करून घ्यायला सांगा. एखाददुसरा विषय कमी पडला तर तेवढाच भरून काढावा लागतो. असे अर्ज वेगळे काढले आणि दोन-तीन कॉलेजांत एकाच वेळी नाव घातलेले वजा केले, की उरलेला आकडा घेऊन समितीत बसा.