घोळक्याच्या कडेला

"चार-पाच जण बोलत उभे असले की तिथे जाऊन काय बोलावे, हेच मला सुचत नाही," ही तक्रार समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या अनेक तरुणांची असते. गेल्या पावसाळ्यात आलेल्या २६ वर्षांच्या एका मुलीची हकीकत, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगते.

नोकरीसाठी साताऱ्याहून मुंबईत आलेली ही मुलगी दादरला राहत होती आणि ओळखी व्हाव्यात म्हणून एका ढोल-ताशा पथकात दाखल झाली होती. वादनाची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती सरावाच्या मधल्या सुट्टीची, जेव्हा सगळे चहा घेऊन घोळक्याने उभे राहत आणि ती भिंतीला टेकून मोबाईलमध्ये डोके घाली. मी विचारले, "त्या वेळी ते कशाबद्दल बोलत होते?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ते मी ऐकलेच नाही. मी माझे वाक्य जुळवत होते."

अडचणीचे मूळ या उत्तरातच होते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यातही हेच आहे : माणसाचे लक्ष आत वळते, तो स्वतःलाच न्याहाळत बसतो आणि समोरचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग सुचणार कुठून?

म्हणून पहिले दोन आठवडे मी तिला बोलायला सांगितलेच नाही. खांद्याला खांदा लावून हळू आवाजात बोलणाऱ्यांना सोडावे, ज्या घोळक्याची एक बाजू मोकळी आहे त्याच्या कडेला उभे राहावे आणि ऐकलेल्या तीन गोष्टी मला येऊन सांगाव्यात, एवढेच काम दिले. "आणि कोणी दखलच घेतली नाही तर?" या तिच्या प्रश्नावर मी तिला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची गोष्ट सांगितली. १९ व्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभरात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी स्वतःहून बोलले. एकीनेच पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही, पण त्यांची भीती मात्र ओसरली. "शंभरांतून एक, तीही आली नाही?" असे म्हणून ती प्रथमच मोकळेपणाने हसली. आम्ही ठरवले की वहीत फक्त ती किती वेळा जाऊन उभी राहिली तेवढे मोजायचे, लोक कसे वागले ते नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा दमट हवेने ढोलाचा आवाज उतरतो म्हणून कुरकुरत होता. ऐकत असल्यामुळे तिच्या तोंडून सहज निघाले, "मग दोर रोज ताणावे लागतात का?" तो सविस्तर सांगू लागला, दुसऱ्याने त्याला खोडून काढले आणि शेजारच्या मुलीने अर्धे पाऊल मागे सरून तिला जागा करून दिली.

ऑफिसच्या कार्यक्रमात अजूनही तिचा हात मोबाईलकडे जातो. सध्या आमचे काम त्यावर चालू आहे.