सुई हलते, पण बोलतं कोण?

ताई, तुमचं पत्र वाचून काळजात चर्र झालं. “इथे आल्यापासून व्हिसा, नोकरी, घराचे हप्ते यातच जन्म गेला; आता थोरला सायंटॉलॉजी नावाच्या पंथात गेलाय आणि म्हणतो, आई, मीटर खोटं बोलत नाही.” तुमची तगमग कळते. पण भरल्या घरात त्याला ‘मूर्ख’ म्हणालात, ते बरं केलं नाहीत. तिथे कुणीतरी तासन्‌तास त्याचं ऐकून घेतं. एकट्या पडलेल्या मुलाला त्याची किती ओढ वाटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता मीटरचं. त्या पंथाच्या सत्रांत वापरतात त्या ई-मीटर यंत्राचे दोन डबे हातात धरले की शरीरातून अगदी क्षीण वीज जाते आणि विद्युतरोध बदलला की सुई हलते. तळहाताला घाम सुटला, पकड आवळली, तरी हलते. ती गतजन्मीच्या आघातामुळे हलली, हे सुई सांगत नाही, समोर बसलेला ऑडिटर, म्हणजे सत्रात प्रश्न विचारणारा पंथाचा माणूस, सांगतो. रोगनिदान वा उपचारासाठी हे यंत्र उपयोगाचं नाही, अशी सूचना त्यावर लावण्याचा आदेश अमेरिकी न्यायालयाने 1971 मध्येच दिला.

माझे वडील पदार्थविज्ञान शिकवायचे. कुणी ठासून काही सांगितलं की विचारायचे, “हे चूक असतं तर काय वेगळं दिसलं असतं?” माझी धाकटी याच प्रश्नाच्या जोरावर एका महागड्या आत्मविकास वर्गातून बाहेर पडली. फायदा झाला तर वर्गामुळे, नाही झाला तर तुमची श्रद्धा कमी, असं तिथलं उत्तर होतं.

सायंटॉलॉजीचे संस्थापक एल. रॉन हबर्ड यांच्या 1950 च्या ‘डायनेटिक्स’ या पुस्तकातला एक दावा मात्र तपासता येण्यासारखा होता: बेशुद्धीतही मन सगळं नोंदवून ठेवतं आणि ऑडिटिंगने, म्हणजे ऑडिटरसोबतच्या प्रश्नोत्तरांच्या सत्रांनी, ते परत मिळतं. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाला औषधाने बेशुद्ध करून 35 शब्दांचा उतारा वाचून दाखवला होता. पुढे कित्येक महिने ऑडिटिंग करूनही तो उतारा निघाला नाही. आणि अब्जावधी वर्षं जगत आलेला थेटन, म्हणजे त्यांच्या मते माणसातला आत्मा? त्याची परीक्षा घ्यायची सोयच ठेवलेली नाही. मुलाला माझ्या वडिलांचा तो प्रश्न शांतपणे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. विरोध करणाऱ्या नातेवाइकांशी संबंध तोडण्याची रीत त्या पंथात आहे, म्हणून दार तुमच्याकडून लोटलं जाता कामा नये.

सासूबाईंना इतक्यात कळवू नका. धाकट्याची काळजी सध्या बाजूला ठेवा. कोर्ससाठी कर्ज काढायचं म्हणाला, तर जामीन राहू नका.